गाथा २७५ की ३११?

१९३५ साली एकाच जैन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर दोन ठिकाणांहून प्रसिद्ध झालं. एक केंब्रिजहून. ते केलं होतं बारेंड फॅडेगॉन या डच पंडितांनी, आणि त्यावर संपादकाचा हात फिरवला होता एफ. डब्ल्यू. थॉमस यांनी. दुसरं मुंबईहून, रायचंद्र जैन शास्त्रमालेत. ते करणारा माणूस कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत होता आणि त्याचं वय होतं एकोणतीस. ग्रंथ होता कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’, आणि कोल्हापूरच्या त्या प्राध्यापकाचं नाव आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये.

केंब्रिजच्या पुस्तकात मूळ ग्रंथाचं आणि एका टीकेचं भाषांतर आहे. उपाध्यांच्या पुस्तकात मूळ प्राकृत गाथा आहेत, अमृतचंद्र आणि जयसेन या दोघांच्या संस्कृत टीका आहेत, जुनी हिंदी टीका आहे, इंग्रजी भाषांतर आहे आणि या सगळ्याच्या आधी शंभराहून अधिक पानांची इंग्रजी प्रस्तावना आहे. नव्वदेक वर्षं झाली तरी कुंदकुंदांवर लिहिणाऱ्याला ती प्रस्तावना ओलांडून पुढे जाता येत नाही. तिच्याशी सहमत व्हा किंवा भांडा, पण वाचावी लागते.

प्राचीन दर्शनांचा अभ्यास म्हटलं की आपल्याला आत्मा, मोक्ष, माया, शून्य असे शब्द आठवतात, आणि डोळे मिटून बसलेला कुणीतरी. प्रत्यक्षात हा अभ्यास फार वेळ डोळे उघडे ठेवून, बहुतेकदा भिंग हातात धरून करावा लागतो. ग्रंथकार काय म्हणाला हे ठरवल्याशिवाय त्याचं म्हणणं बरोबर की चूक हा प्रश्नच उभा राहत नाही. आणि काय म्हणाला हे ठरवायला भाषा, लिपी, व्याकरण, शिलालेख आणि भरपूर चिकाटी लागते. उपाध्यांचं काम हा त्याचा चांगला नमुना आहे. तो कोल्हापुरात घडला याला कारणंही आहेत.

उपाध्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ चा, सदलग्याचा. दूधगंगेकाठचं हे गाव आज कर्नाटकात, चिकोडी भागात आहे. (पुढे आचार्य विद्यासागर म्हणून देशभर ओळखले गेलेले दिगंबर मुनीही याच गावचे.) उपाध्ये हे आडनावच घराण्याचा व्यवसाय सांगतं: जैन बस्तीतलं पौरोहित्य. घरात कानडी, बाजारात कानडी-मराठी, पूजेत संस्कृत-प्राकृत आणि शाळेत इंग्रजी. सीमाभागातल्या मुलाला यात काही विशेष वाटत नाही. पण जैन पोथ्यांच्या अभ्यासकाला नेमकी हीच शिदोरी लागते, कारण दक्षिणेतल्या दिगंबर जैनांचे प्राकृत ग्रंथ मोठ्या प्रमाणात टिकले ते कानडी लिपीतल्या ताडपत्रांवर. जर्मन किंवा डच पंडिताला जी लिपी प्रौढपणी कष्टाने शिकावी लागते, ती सदलग्याच्या मुलाला अंगणात भेटलेली असते.

मुंबई विद्यापीठातून एम.ए. झाल्यावर १९३० साली उपाध्ये राजाराम कॉलेजात आले आणि १९६२ पर्यंत तिथेच राहिले. बत्तीस वर्षं. या काळात संस्थान विलीन झालं, राज्याच्या सीमा बदलल्या, सदलगा एका राज्यात गेलं आणि कोल्हापूर दुसऱ्या. त्यांचा विषय मात्र तोच राहिला. अर्धमागधी त्या काळी मुंबई इलाख्यात शाळा-कॉलेजात दुसरी भाषा म्हणून घेता येई. संस्कृतपेक्षा सोपी आणि गुण भरपूर, म्हणून ती घेणारे पुष्कळ. या ‘गुणांच्या’ विषयाची थट्टा आपल्याकडे अजूनही चालते. पण त्या विषयामुळे कॉलेजांतून प्राकृताच्या जागा निर्माण झाल्या, आणि अशाच एका जागेवर बसून उपाध्यांनी पंचवीसेक वर्षांत जे छापलं ते एखाद्या संस्थेनं केलं असतं तरी पुरेसं म्हटलं असतं: ‘प्रवचनसार’, योगीन्दूंचा ‘परमात्मप्रकाश’, जटासिंहनंदींचं ‘वरांगचरित’, हरिषेणांचा ‘बृहत्कथाकोश’, कुतूहलाची ‘लीलावई’, हीरालाल जैन यांच्याबरोबर ‘तिलोयपण्णत्ती’, मग ‘कार्त्तिकेयानुप्रेक्षा’ आणि उद्योतनसूरींची ‘कुवलयमाला’. शेवटच्या ग्रंथात मराठी वाचकाचा एक खासगी फायदा आहे. इसवी सन ७७९ मध्ये जालोरला लिहिलेल्या या कथेत एका बाजाराचं वर्णन येतं, आणि आपापल्या भाषेत बोलणाऱ्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांत मराठेही भेटतात.

कोल्हापूरचं जैनपण बाहेरच्याला चटकन कळत नाही. मुंबई-पुण्यात जैन म्हटलं की पेढी डोळ्यांसमोर येते. शिरोळ-हातकणंगल्यात जैन म्हणजे ऊस लावणारा, म्हशी पाळणारा, सोसायटीच्या निवडणुकीत उतरणारा शेतकरी. हा समाज इथे हजार वर्षांहून जुना आहे. शिलाहार राजांच्या काळात कोल्हापूर जैन विद्येचं मोठं ठाणं होतं. इसवी सन १२०५ मध्ये, दुसऱ्या भोजाच्या राज्यात, सोमदेव नावाच्या पंडिताने ‘शब्दार्णवचंद्रिका’ ही व्याकरणावरची टीका पुरी केली, ती आजऱ्याच्या जिनालयात. आज घनसाळ तांदळासाठी माहीत असलेल्या आजऱ्यात आठशे वर्षांपूर्वी पूज्यपादांच्या ‘जैनेंद्र’ व्याकरणाचा कीस पाडला जात होता. हे पूज्यपाद म्हणजे तत्त्वार्थसूत्रावरची ‘सर्वार्थसिद्धि’ ही प्रमाण मानली जाणारी टीका लिहिणारेच. व्याकरण आणि दर्शन ही एकाच माणसाची कामं होती. आपण त्यांची दोन वेगळी खाती केली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या परंपरेला नवं शिक्षण येऊन मिळालं. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ ची. राजर्षी शाहूंनी वसतिगृहांना दिलेल्या बळामुळे खेड्यातला जैन मुलगा कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहू लागला. कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, पण त्याआधी, १९०५ मध्ये, त्यांनी जैन धर्माची ओळख करून देणारं इंग्रजी पुस्तक लिहून टाकलं होतं. राजाराम कॉलेजातच कानडीचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार होते. त्यांनी कोल्हापूर संस्थानातले आणि उत्तर कर्नाटकातले शिलालेख गोळा करून १९३९ साली छापले. शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीसेन मठात ताडपत्री पोथ्या होत्या. शिलालेख, पोथी आणि त्या वाचणारा माणूस हे तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असणं ही अभ्यासातली मोठी चैन आहे.

आता पोथीकडे वळू. ताडपत्र लांबट आणि अरुंद असतं. कानडी लेखनिक लोखंडी लेखणीने त्यावर अक्षरं कोरतो आणि मग काजळी चोळून ती उठावदार करतो. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. गाथा कुठे संपली आणि टीका कुठे सुरू झाली हे वाचणाऱ्यानेच ओळखायचं. प्राकृतात आणखी एक अडचण येते. कानडी लिपीत द्वित्त अक्षर दाखवायला पुष्कळदा आधी एक गोल शून्य काढतात आणि पुढे अक्षर एकदाच लिहितात. ‘धम्म’ लिहायचा तर ध, मग शून्य, मग एकच म. ज्याला ही पद्धत माहीत नाही तो शून्याला अनुस्वार समजून देवनागरीत उतरवतो आणि ‘सत्त’चं ‘संत’ होऊन बसतं. पहिला शब्द सात या संख्येचा किंवा सत्त्वाचा, दुसरा शांत असलेल्याचा. दर्शनाच्या ग्रंथात अशी एक चूक झाली तर मागाहून येणारा टीकाकार तिलाही गूढ अर्थ काढून देतो. टीकाकारांचं ते कौशल्यच असतं.

म्हणून संपादक एका पोथीवर विसंबत नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या पोथ्या मिळवतो, त्यांच्यातले फरक टिपतो, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली असावी याचा माग काढतो आणि मग पाठ ठरवतो. न स्वीकारलेले पाठ तळटीपेत ठेवतो, म्हणजे वाचकाला त्याचा निर्णय उलटवता येतो. ‘वरांगचरित’ हे जुनं संस्कृत काव्य १९३८ साली पहिल्यांदा छापलं गेलं ते दोन ताडपत्री पोथ्यांवरून. त्याआधी इतर ग्रंथकारांनी केलेल्या उल्लेखांवरून त्याचं नाव तेवढं माहीत होतं. ‘परमात्मप्रकाशा’च्या बाबतीत उलटी गंमत झाली. उत्तरेत ब्रह्मदेवांच्या टीकेबरोबर प्रचलित असलेला पाठ मोठा होता, आणि उपाध्यांना मिळालेल्या कानडी पोथ्यांमधला बराच आटोपशीर. दोन्ही त्यांनी वाचकापुढे ठेवले.

‘प्रवचनसारा’त हाच प्रश्न सगळ्यात तीव्र होतो. अमृतचंद्रांच्या टीकेत गाथा आहेत २७५: पहिल्या ज्ञानाच्या भागात ९२, दुसऱ्या ज्ञेयाच्या भागात १०८, तिसऱ्या चारित्राच्या भागात ७५. जयसेनांच्या टीकेत त्याच ग्रंथाच्या गाथा ३११ भरतात: १०१, ११३ आणि ९७. सर्वांत मोठी वाढ तिसऱ्या भागात, बावीस गाथांची. छत्तीस गाथा एकाने गाळल्या की दुसऱ्याने घातल्या? नुसती बेरीज-वजाबाकी वाटते, पण या वाढीव गाथांमध्ये एक सलग गट आहे आणि त्याचा विषय आहे: स्त्रीला त्याच जन्मी मोक्ष मिळतो का?

प्रश्नाचं वजन कळण्यासाठी ग्रंथाचं म्हणणं थोडक्यात पाहायला हवं. कुंदकुंदांच्या मते वस्तू म्हणजे द्रव्य, त्याचे गुण आणि त्याचे पर्याय, म्हणजे बदलत्या अवस्था. उपजणं, नाहीसं होणं आणि टिकून राहणं ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी असतात. गुऱ्हाळात रस आटून काकवी होते आणि काकवीचा गूळ. रसपण गेलं, गूळपण आलं, उसातून आलेलं ते द्रव्य मात्र कायम. बौद्ध म्हणतात बदल तेवढाच खरा. वेदान्ती म्हणतात टिकणारं तेवढंच खरं. जैन दोन्ही खरं मानतात आणि त्यासाठी बोलण्याची वेगळी शिस्त बांधतात. आत्म्यालाही हे लागू आहे. त्याची अवस्था अशुभ असते, शुभ असते किंवा शुद्ध. इथे कुंदकुंद असं काही म्हणतात की देवळात नियमाने जाणारा माणूस दचकावा: शुभ अवस्थाही बांधते. ‘समयसारा’त ते हे अधिक कठोरपणे सांगतात. बेडी लोखंडाची असो की सोन्याची, ती बेडीच. पुण्य साठवून मोक्ष मिळत नाही; सर्व परिग्रह, म्हणजे धरून ठेवणं, सुटावं लागतं.

मग अंगावरचं वस्त्र हा परिग्रह आहे की नाही? दिगंबरांचं उत्तर: आहे. पूर्ण मुनी निर्वस्त्रच हवा. स्त्रीला निर्वस्त्र दीक्षा देता येत नाही, म्हणून तिला त्याच जन्मी मोक्ष नाही. तिने पुण्य करून पुरुषजन्म घ्यावा. श्वेतांबरांचं उत्तर: वस्त्र साधन आहे, आसक्ती हा परिग्रह. त्यांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली स्वतःच स्त्री होत्या. दोन बाजू सरळ दिसतात. नग्नता मानणारे ‘नाही’ म्हणतात, वस्त्र मानणारे ‘होय’.

पण कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात तिसरी बाजू होती, आणि तिच्यामुळे ही सरळ विभागणी मोडते. यापनीय नावाचा जैन संघ. यांचे मुनी दिगंबरांसारखे निर्वस्त्र राहत, मूर्तीही निर्वस्त्र पूजत. पण स्त्रीला त्याच जन्मी मोक्ष मिळतो हे श्वेतांबरांप्रमाणे मानत. खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. पाचव्या शतकाच्या सुमाराला कदंब राजा मृगेशवर्म्याने तिथे दिलेल्या दानपत्रात यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा तीन जैन संघांची नावं शेजारी शेजारी आहेत. पुढे शतकानुशतकं या भागातल्या शिलालेखांत यापनीय आचार्य भेटत राहतात आणि मग हळूहळू दिसेनासे होतात. त्यांचा समाज दिगंबरांत विरघळला, बहुधा कुणाला फारसं न कळता.

यापनीयांचा युक्तिवाद मोठा देखणा आहे. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला, म्हणजे नवव्या शतकातला वैयाकरण शाकटायन हा यापनीय. (पुन्हा व्याकरणकारच.) त्याने ‘स्त्रीनिर्वाण’ या विषयावर छोटं प्रकरण लिहिलं. त्याचा रोख असा: मोक्षाचं कारण सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र. कारण पुरं असेल तर कार्य होणारच. स्त्रीत्व या तिहींच्या आड येतं याला प्रमाण काय? प्रत्यक्षात दिसत नाही, अनुमानाने सिद्ध होत नाही, आगमात सांगितलेलं नाही. आणि वस्त्र परिग्रह म्हणत असाल तर मुनीच्या हातातली मोरपिसांची पिंछी काय? ती बाळगूनही आसक्ती नसू शकते, मग वस्त्र नेसूनही का नसावी? दिगंबर तार्किकांनी या प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं, श्वेतांबरांनी त्या उत्तरांना प्रत्युत्तर दिलं, आणि हा वाद सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत चालला. वादाचे मूळ ग्रंथ पद्मनाभ जैनी यांनी १९९१ मध्ये इंग्रजीत भाषांतरित केले. स्त्रीच्या आध्यात्मिक अधिकारावर इतक्या तांत्रिक काटेकोरपणे आणि इतका दीर्घ काळ चाललेला दुसरा वाद भारतीय दर्शनांत मला माहीत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळही मिळत नाही.

आता २७५ आणि ३११ कडे पुन्हा बघा. स्त्रीमोक्ष नाकारणाऱ्या गाथा कुंदकुंदांच्याच असतील, तर हा वाद दिगंबर परंपरेत मुळापासून आहे. त्या मागाहून आल्या असतील, तर आचार्यांच्या मूळ ग्रंथात तो मुद्दा नव्हता आणि नंतरच्या भांडणात त्यांच्या नावाचा आधार घेतला गेला. अमृतचंद्र दहाव्या शतकाच्या आसपासचे, जयसेन बाराव्या. नुसतं जुनं ते खरं म्हटलं तर निकाल सोपा आहे. पण अमृतचंद्रांची टीका अध्यात्माकडे झुकलेली आहे. पंथाच्या भांडणाच्या गाथा त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवल्या असणंही शक्य आहे. उपाध्ये स्वतः दिगंबर पुरोहितांच्या घरातले. त्यांनी दोन्ही आकडे, दोन्ही टीका आणि दोन्ही शक्यता छापल्या. पंथाला सोयीची बाजू उचलून धरण्याचा मोह त्यांना झाला असेल की नाही कोण जाणे, पण पुस्तकात तो दिसत नाही. यापनीयांवरचा त्यांचा पहिला लेख तिशीच्या आतला, १९३३ चा आहे, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते पुन्हा त्याच विषयावर लिहीत होते. आपल्या परंपरेत विरघळलेल्या आणि विसरल्या गेलेल्या संघाचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा असं त्यांना वाटत असावं. नाथूराम प्रेमी आणि उपाध्ये यांच्या पिढीने दाखवून दिलं की ‘भगवती आराधना’सारखा, दिगंबर घरांत श्रद्धेने वाचला जाणारा ग्रंथ मुळात यापनीय परंपरेचा असावा.

काळ ठरवणं हा या अभ्यासातला सर्वांत निसरडा भाग. उपाध्यांनी कुंदकुंदांना इसवी सनाच्या आरंभी ठेवलं. पट्टावली (आचार्यांच्या परंपरेच्या याद्या), शिलालेख, भाषेचं जुनेपण असे पुरावे त्यांनी तोलले. पिशेल या जर्मन व्याकरणकाराने १९०० मध्ये या ग्रंथांच्या प्राकृताला ‘जैन शौरसेनी’ नाव दिलं होतं. उपाध्यांनी ते नाव तपासून, गाथांमधली रूपं मोजून तिचं स्वतःचं वर्णन दिलं. पुढे मधुसूदन ढाकी यांनी कुंदकुंदांना थेट आठव्या शतकात खेचलं. सातशे-आठशे वर्षांचं अंतर! हा किरकोळ मतभेद नाही. कुंदकुंद पहिल्या शतकातले असतील तर व्यवहार आणि निश्चय अशा दोन पातळ्यांवर सत्य सांगण्याची त्यांची पद्धत तशाच दोन पातळ्या मानणाऱ्या बौद्ध नागार्जुनाच्या आधीची ठरते. आठव्या शतकातले असतील तर ती नागार्जुनाच्या बरीच नंतरची, जवळजवळ शंकराचार्यांच्या काळातली. कुणी कुणाकडून घेतलं या प्रश्नाचं उत्तर तारखेवर टांगलेलं आहे. माझं मत विचाराल तर आज पहिलं शतक टिकवून धरणं अवघड आहे, पण ढाकींचं शतक सगळ्यांना पटलेलं आहे असंही नाही.

त्याच प्रस्तावनेत उपाध्यांनी एक धाडसी मांडणी केली. जैन, बौद्ध, सांख्य आणि आजीविक यांच्यात काही गोष्टी समान आहेत: अनेक आत्मे किंवा जीवप्रवाह, कर्माचा अटळ नियम, पुनर्जन्म, जग घडवणाऱ्या ईश्वराचा अभाव, संन्यासाला दिलेलं पहिलं स्थान. या गोष्टी वैदिक यज्ञधर्मातून उगवलेल्या दिसत नाहीत. मग त्या कुठून आल्या? उपाध्यांनी सुचवलं की गंगेकाठच्या पूर्वेकडील प्रदेशात, मगधाच्या परिसरात, एक स्वतंत्र देशी धर्मपरंपरा आधीपासून होती आणि ही दर्शनं तिची लेकरं आहेत. त्या काळी शाळेत शिकवलं जाई की बुद्ध आणि महावीर म्हणजे वैदिक धर्माविरुद्धचं बंड. बंडखोर म्हटलं की मूळ घर वैदिकच ठरतं. उपाध्यांनी घरच दुसरं दाखवलं. २००७ साली योहानेस ब्रॉन्खोर्स्ट यांनी ‘ग्रेटर मगध’ या पुस्तकात कर्म आणि पुनर्जन्माचं उगमस्थान याच प्रदेशात ठेवलं आणि जगभर त्यावर चर्चा झाली. त्यांचे पुरावे वेगळे आहेत आणि बरेच तपशीलवार आहेत. पण दिशा सत्तर वर्षांपूर्वी राजाराम कॉलेजातून दाखवली गेली होती, हे कोल्हापुरात तरी माहीत असायला हवं.

उपाध्ये एकटे नव्हते. त्यांच्या आगेमागे मराठी माणसांची एक फळीच अशा कामात गढलेली होती. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये पाली शिकायला सिंहलद्वीपात गेले. पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाच्या पाठावर वर्षानुवर्षं खपले. १९४० मध्ये त्यांची देवनागरी आवृत्ती मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० साली आली, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी चिनी भाषा आत्मसात केली. ‘विमुत्तिमग्ग’ हा पाली ग्रंथ मूळ रूपात हाती नव्हता, चिनी भाषांतरात होता. बापटांनी तो ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला आणि १९३७ मध्ये पुण्यात तो अभ्यास छापला. वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’चा मूळ संस्कृत पाठ हरवला असं सगळे मानत होते. पंडितांचं काम चिनी-तिबेटी भाषांतरांवर चाललं होतं. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातल्या मठांतून पोथ्यांची छायाचित्रं आणली आणि त्यांतून पुण्याच्या वा. वि. गोखल्यांनी १९४६ मध्ये कारिका छापल्या. भारतीय दर्शन समजून घ्यायला चिनी आणि तिबेटी शिकावी लागते ही गोष्ट आपल्या अभिमानाला जरा बोचते. बोचू द्यावी. आपण जे जपलं नाही ते ज्यांनी जपलं, त्यांची भाषा शिकणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

जैनांच्या बाबतीत तेवढं लांब जावं लागलं नाही. सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला आणि काशीची मूर्तिदेवी ग्रंथमाला या दोन्हींचे प्रधान संपादक म्हणून उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी ग्रंथांमागून ग्रंथ बाहेर काढले. मूडबिद्रीच्या बस्तीत कडीकुलपात असलेल्या ‘धवला’ टीकेचा पहिला खंड १९३९ मध्ये छापून आला आणि पुढच्या वीस वर्षांत सोळा खंड पुरे झाले. त्यातही उपाध्यांचा हात होता. या कामाला समाजातून विरोधही झाला. पवित्र ग्रंथ छापखान्यात जाऊ नयेत असं मानणारे पुष्कळ होते. बाकी १९६६ मध्ये अलीगढच्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचं अध्यक्षपद, शिवाजी विद्यापीठातली जबाबदारी, १९७१ पासून म्हैसूर विद्यापीठातलं जैनविद्येचं अध्यासन हे सगळं रीतसर घडलं. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी ते कोल्हापुरात वारले. जैन समाजाचा शास्त्रीय सामाजिक अभ्यास करणारे विलास संगवे यांनीही पुढे कोल्हापुरातच काम केलं. ग्रंथांकडून माणसांकडे जाण्याची ती पुढची पायरी होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा पेढे वाटले गेले. त्याच दिवशी, त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. त्यांच्यासाठी पेढे वाटल्याचं फारसं ऐकिवात नाही. मराठीच्या अभिजातपणाचा पुरावा म्हणून ज्या गाथांकडे आणि शिलालेखांकडे बोट दाखवलं गेलं त्या प्राकृतच आहेत, आणि प्राकृत वाचणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

तेव्हा एक विनंती. शिरोळ, हातकणंगले, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात कानडी आणि मराठी दोन्ही सहज बोलणारी हजारो मुलं आहेत. त्यांच्यातल्या कुणाला दर्शनांची ओढ असेल, तर त्याने आत्मा आहे की नाही हा वाद पुढे कधीतरी घालावा. आधी प्राकृताचं व्याकरण घ्यावं, जुनी कानडी लिपी शिकावी, ‘प्रवचनसारा’ची १९३५ ची आवृत्ती समोर ठेवावी आणि तिसऱ्या भागातल्या त्या बावीस गाथांपासून सुरुवात करावी. त्या कुणाच्या, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.